घर सोडा, घरात राहा : १८९७ व २०२० मधील साथी आणि दैनंदिन जीवनातील अनपेक्षित लाभ

प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना मृत्यूंची संख्या, शासनाचे आदेश आणि त्या आदेशांना झालेला विरोध या तीन गोष्टींभोवतीच अभ्यासकाची लेखणी फिरत राहते. ते स्वाभाविकही आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्रकटलेल्या प्लेगने पुढील दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. कोविडने एकट्या महाराष्ट्रात, शासकीय नोंदीप्रमाणे, सुमारे १ लाख ४८ हजार माणसे नेली. अशा आकड्यांसमोर 'त्या काळात काही चांगलेही घडले' असे म्हणणे काहींना असंवेदनशीलपणाचे वाटेल. तथापि २०२० च्या टाळेबंदीविषयी बोलू लागलेला कोणताही मनुष्य दुःखाच्या आठवणींबरोबर दोन-चार वेगळ्या आठवणीही सांगतो. मुलांबरोबर दुपारी खेळलेला पत्त्यांचा डाव, वीस वर्षांनी हाती घेतलेली पेटी, गच्चीवरून प्रथमच झालेली शेजाऱ्यांची ओळख. या आठवणी खोट्या नाहीत आणि केवळ सुखवस्तूंचे चोचले म्हणून बाजूला सारण्यासारख्याही नाहीत. त्या इतिहासाच्या कक्षेत कशा आणाव्यात, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

त्यासाठी येथे दोन साथी शेजारी ठेवल्या आहेत. त्यांना जोडणारा धागा कायद्याचाही आहे. प्लेगच्या धास्तीने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला साथरोग अधिनियम हाच महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये लागू केला. कायदा एकच असला, तरी सामान्य माणसाला मिळालेली आज्ञा मात्र नेमकी उलट होती. १८९७ चे सरकार सांगत होते, घर सोडा. २०२० चे सरकार सांगत होते, घरात राहा. दोन्ही वेळी जे काही अनपेक्षित हाती लागले, ते ज्या जागी माणसाला ढकलण्यात आले त्या जागेतून लागले, असे दिसते.

गाव सोडून माळावर

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे निदान केले. 'ग्रंथिक सन्निपात' या नावानेही तत्कालीन मराठी लेखनात ज्याचा उल्लेख आढळतो, तोच हा प्लेग. काही महिन्यांत तो पुण्यास पोहोचला. पुढची हकीकत मराठी वाचकास परिचित आहे. प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून आलेले रँड, मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या शिपायांकरवी झालेली घरझडती, रुग्णांची इस्पितळात व त्यांच्या आप्तांची छावणीत रवानगी, आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी केलेला हल्ला. स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रातून आवाज उठविला. रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. या इतिहासाचे पुष्कळ लेखन झाले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

त्या मानाने कमी लिहिले गेले ते घर सोडून झोपडीत राहिलेल्यांच्या दिनक्रमाविषयी. आरंभीच्या जुलमाविरुद्ध उसळलेला असंतोष पाहून सरकारने पुढे सक्ती सैल केली, पण घर सोडण्याची पद्धत लोकांनी स्वतःच उचलली. घरात उंदीर पडू लागले की बाडबिस्तरा उचलून शेतात किंवा गावाबाहेरच्या माळावर झोपड्या घालायच्या, हा दख्खनमधील गावोगावचा रिवाज झाला. बांबूचे तट्टे, कडबा, गवत, जे मिळेल त्याचा आडोसा करून कुटुंबे काही आठवडे, कधी काही महिने, तेथे काढीत. 'प्लेगात आम्ही रानात होतो' हे वाक्य जुन्या पिढीच्या तोंडी अनेकांनी ऐकले असेल. ते सांगणाऱ्याच्या स्वरात दर वेळी भयच असे, असे नाही. भिंतीआडच्या माजघरात आयुष्य काढणाऱ्या बायकांना उघड्यावर चूल मांडावी लागली. मुलांची शाळा बंद होती आणि रान मोकळे होते.

या रिवाजाचे शास्त्रीय मर्म त्या काळी कोणालाच माहीत नव्हते, आणि माझ्या मते ही या इतिहासातील सर्वांत बोधप्रद बाब आहे. १८९७ चे अधिकारी रोगाचे मूळ घाणीत, कोंदट हवेत व ओल्या जमिनीत शोधत होते. म्हणून घरे औषधी पाण्याने धुतली जात, ऊन आत यावे यासाठी कौले उतरवली जात. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच संशोधकाने उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविले, पण त्याचे म्हणणे मान्य व्हायला बराच अवधी लागला. १९०५ नंतर मुंबईत परळ येथे काम करणाऱ्या संशोधन आयोगाने ते प्रयोगांनी निर्विवाद केले. म्हणजे माळावर गेलेला शेतकरी उंदरांपासून, पर्यायाने पिसवांपासून, दूर जात होता आणि म्हणून वाचत होता. कारण मात्र त्याला ठाऊक नव्हते आणि त्याला पाठविणाऱ्या साहेबालाही नव्हते. औषधी पाण्याच्या पिंपांपेक्षा कडब्याची झोपडी अधिक उपयोगी ठरली.

अर्थात माळ सर्वांना सारखा नव्हता. ज्याचे शेत होते तो आपल्या शेतात गेला. ज्याचे शेत नव्हते त्याच्या वाट्याला सरकारी छावणी आली, किंवा रोजगार बुडण्याच्या भीतीने तो उंदरांच्या शेजारीच राहिला.

गिरणगावातील रोजची मजुरी

प्लेगच्या काळातील एक लाभ मात्र असा आहे की, तो भूमिहीन कष्टकऱ्यालाच मिळाला. १८९६ च्या अखेरीस मुंबईतून लोकांचे लोंढे बाहेर पडू लागले. रेल्वे व आगबोटींनी कोकणात, घाटावर, काठेवाडात लाखो माणसे गेली. गिरण्यांतील चात्या हलविण्यास माणूस मिळेना. तोवर गिरणी कामगाराला पगार महिन्याने आणि तोही काही आठवडे मागे ठेवून मिळत असे. कामगाराने मध्येच नोकरी सोडली तर अडकलेली मजुरी बुडे. मालकांच्या हातातील हा सर्वांत मोठा लगाम होता. दरम्यान कामगार वाण्याकडे उधारीवर धान्य घेई आणि व्याज भरीत राही.

प्लेगाने हा लगाम काही काळ तोडला. शहरात उरलेल्या कामगाराने, 'आजची मजुरी आज द्या, नाहीतर गावी चाललो' असे म्हणण्याची सोय झाली आणि मालकांना ते ऐकावे लागले. रोजच्या रोज मजुरी देण्याची प्रथा सुरू झाली. एका गिरणीचे माणूस दुसरीने अधिक पैसे देऊन ओढावे, रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांची जणू बोली लागावी, असे प्रकार घडले. संध्याकाळी हातात रोख पैसा घेऊन घरी जाणे म्हणजे काय, हे उधारीच्या वहीत जन्म काढलेल्या माणसालाच कळेल. अर्थात हा पैसा मृत्यूच्या शेजारी उभे राहून मिळविलेला होता, हे विसरून चालणार नाही. साथीचा जोर ओसरला, माणसे परतली, आणि मालकांनी जुनी घडी पुन्हा बसविण्याचा यत्न सुरू केला.

२०२० मध्ये याच शहरातील मजुराची स्थिती याच्या अगदी उलट झाली. १८९७ मध्ये गिरण्या चालू होत्या व मजूर दुर्मिळ होता, म्हणून मजुराची किंमत वाढली. २०२० मध्ये कामच बंद झाले, रेल्वेही बंद झाली, आणि मजुराला गावी जाण्याचीही मुभा उरली नाही. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे ते पायी निघाले होते. टाळेबंदीतील कोणत्याही लाभाची चर्चा करताना ही घटना चर्चेच्या मध्यभागी ठेवली पाहिजे.

घराच्या आत

२२ मार्च २०२० च्या जनता संचारबंदीनंतर २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी लागू झाली आणि ती टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढत गेली. मुंबईची उपनगरी रेल्वे बंद पडली. दिवसाला ७५ लाखांहून अधिक प्रवासी वाहणारी ही गाडी थांबल्याने ज्यांची कामे घरून होण्यासारखी होती अशा कर्जत-कसारा-विरारच्या नोकरदाराच्या दिवसात एकदम तीन-चार तास वाढले. आयुष्यात प्रथमच त्याने आपल्या घरात दुपारचे ऊन कोठवर येते हे पाहिले. दूरदर्शनने २८ मार्चपासून 'रामायण' मालिका पुन्हा दाखविण्यास आरंभ केला आणि तीन पिढ्या एका पडद्यासमोर बसल्या. नवी मुंबईच्या खाडीतील रोहित पक्ष्यांची छायाचित्रे घरोघर पोहोचली. एप्रिलमध्ये जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारची हिमशिखरे दिसू लागली. पक्षी दरवर्षीच येतात, शिखरेही जागची हलली नव्हती. नवी होती ती स्वच्छ हवा आणि पाहणाऱ्याची सवड.

एक लाभ मात्र असा की, तो कोणाच्याच आठवणीत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०१९ मध्ये अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. २०२० मध्ये हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. देशातील रस्ते अपघातांत २०१९ मध्ये १ लाख ५१ हजार लोक दगावले होते, २०२० मध्ये सुमारे १ लाख ३२ हजार. या फरकातील माणसे आज आपल्यामध्ये वावरत असतील. त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत, आणि आपण वाचलो हे खुद्द त्यांनाही माहीत नाही. साथीचा इतिहास लिहिणाऱ्याने मृतांच्या रकान्याशेजारी हा रिकामा रकानाही आखून ठेवावा, असे वाटते.

'घरात राहा' ही आज्ञा घर या शब्दाचा एक विशिष्ट अर्थ गृहीत धरून दिलेली होती. धारावीसारख्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे आणि संडास सार्वजनिक, अशा ठिकाणी ती पाळणे अशक्यच होते. तेथे १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला, तेव्हा अनर्थाची भाकिते झाली. ती खरी ठरली नाहीत, आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा गौरवाने उल्लेख केला. घरोघर तपासणी, शाळा व सभागृहांत केलेली विलगीकरणाची सोय, स्थानिक डॉक्टर व कार्यकर्ते यांचा सहभाग यांतून ते साधले. येथे १८९७ चे स्मरण होते. तेव्हाही माणसांना घराबाहेर काढून ठेवले होते. पण सक्तीने केलेल्या घरझडतीने जे बिघडविले, ते येथे ओळखीच्या माणसाने दार वाजविल्याने सावरले.

पन्नास माणसांचे लग्न

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने टाळेबंदीतील सर्वांत विचारणीय घटना माझ्या मते लग्नाची आहे. मे २०२० मधील नियमांनी लग्नास पन्नास माणसांची मर्यादा घातली. वैशाखातील लग्नसराई तोंडावर होती. कार्यालये बंद, वाजंत्री बंद, जेवणावळी बंद. काहींनी लग्ने पुढे ढकलली. पण अनेकांनी घराच्या अंगणात, गच्चीवर, शेतात मोजक्या नातलगांसमोर ती उरकली. निमंत्रणपत्रिकेवर 'आपले आशीर्वाद घरूनच द्यावेत' असा मजकूर आला. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या कर्जात मुलीच्या लग्नाचा वाटा किती मोठा असतो, हे ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्या उन्हाळ्यात अनेक बापांनी मुलीचे लग्न कर्ज न काढता केले आणि त्याबद्दल त्यांना कोणी नावे ठेवली नाहीत. खर्चात झालेल्या बचतीइतकीच ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. 'लोक काय म्हणतील' या प्रश्नाला प्रथमच सरकारी आदेशाचे उत्तर मिळाले होते.

भटजीविना, हुंड्याविना, अल्प खर्चात विवाह व्हावा असा आग्रह महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून धरला होता. दीडशे वर्षांच्या प्रबोधनाला जे पूर्णतः साधले नाही, त्यातील खर्चाचा भाग एका परिपत्रकाने काही आठवड्यांत साधला. मात्र निर्बंध उठताच मांडव पुन्हा पूर्वीच्याच आकाराचे झाले. सत्यशोधक विवाहात वधूवरांची व त्यांच्या कुटुंबांची संमती होती, विचार होता. पन्नास माणसांच्या लग्नात केवळ मनाई होती. मनाई उठली की तिच्याबरोबर तिचे फळही जाते.

याच लाभाची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. लग्न स्वस्त झाले, गाजावाजा उरला नाही, शाळा बंद पडल्या, रोजगार गेला. या चारही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा काही कुटुंबांनी अठरा वर्षांखालील मुलींची लग्ने लावून टाकली. बाल संरक्षण यंत्रणा व चाइल्डलाइनच्या १०९८ क्रमांकावर आलेल्या दूरध्वनींमुळे जे विवाह रोखले गेले तेवढेच उजेडात आले. ज्या साधेपणाने एका बापाला कर्जातून वाचविले, त्याच साधेपणाने दुसऱ्या घरातील मुलीचे दहावीचे वर्ष संपविले. 'टाळेबंदीतील सकारात्मक बदल' अशा शीर्षकाखाली लग्नाचा खर्च नोंदविणाऱ्याने ही मुलगीही त्याच पानावर नोंदविली पाहिजे.

सण-उत्सवांत याहून सौम्य बदल दिसला. आषाढी एकादशीला, १ जुलै २०२० रोजी, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्याने वारी आपल्या उंबऱ्याच्या आत केली. लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसविता 'आरोग्योत्सव' करून रक्तदान व प्लाझ्मादान घडविले. घरगुती गणपती दोन फुटांचा झाला आणि बादलीत विसर्जित झाला. यांतील पुष्कळशा गोष्टी पुढील दोन वर्षांतच मागे पडल्या.

स्वयंपाकघरातील मिनिटे

टाळेबंदीतील स्वयंपाकघराविषयी इतके विनोद झाले की त्याचा गंभीर विचार राहून गेला. घरकामास येणाऱ्या बाईंना सोसायटीच्या फाटकावर अडविल्याने मध्यमवर्गीय घरात भांडी आणि केर यांचा प्रश्न उभा राहिला. पुरुषांनी भाजी चिरली, कणीक मळली, आणि तिची छायाचित्रे सर्वांना पाठविली. बाईने मळलेल्या कणकेचे छायाचित्र कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. तरीही घरकामाला किती वेळ लागतो हे अनेक पुरुषांना प्रथमच हाताने कळले, हे मान्य केले पाहिजे.

हे कळणे टिकले काय? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर पाहणीनुसार २०१९ मध्ये बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. हीच पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली तेव्हा स्त्रियांची मिनिटे २८९ आणि पुरुषांची ८८ झाली होती. दोन पाहण्यांच्या मध्ये टाळेबंदी येऊन गेली, पण पुरुषांच्या आकड्यावर तिचा मागमूस दिसत नाही. जिच्या घरात मारहाण होती तिच्यासाठी तर घरात राहणे हाच धोका होता. राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिल २०२० मध्ये अशा तक्रारींसाठी स्वतंत्र व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू करावा लागला.

साधनांचा प्रश्न

१८९७ विषयीची आपली माहिती मुख्यतः अधिकाऱ्यांचे अहवाल आणि 'केसरी'-'सुधारक' यांसारखी पत्रे यांतून येते. मुंबईच्या प्लेग समितीचे अध्यक्ष गटाकर यांचा १८९७ चा अहवाल इस्पितळे, छावण्या व झडत्या यांच्या तपशिलांनी भरलेला आहे. झोपडीतील मुलांचे खेळ त्यात सापडणे शक्य नव्हते. कामगारांना रोज मजुरी मिळाली हे आपल्याला समजले तेही कामगाराच्या लेखणीतून नव्हे, तर मालकांच्या गाऱ्हाण्यांतून. एकाचा लाभ दुसऱ्याच्या तक्रारीत नोंदला गेला.

२०२० विषयी साधनांचा महापूर आहे असे वाटते. परंतु तो पूर बहुतांशी दूरध्वनीच्या स्मृतीत आहे, आणि यंत्र बदलले की तो जातो. गावचौकीवरील प्रवेशनोंदींच्या वह्या, किराणा दुकानातील मार्च ते जून २०२० च्या उधारीची पाने, 'घरूनच आशीर्वाद द्या' असे छापलेल्या पत्रिका, प्रवासासाठीचे ई-पास, सोसायट्यांच्या सूचनाफलकांवरील कागद, ही साधने अजून मिळू शकतात. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना ती गोळा करण्यास फारसा निधी लागणार नाही. शोधण्याची दिशा मात्र १८९७ ने दाखविली आहे. लहान लग्नांचा पुरावा वधूपित्यांच्या कागदांत कमी मिळेल, कारण वाचलेल्या पैशाची पावती कोणी देत नाही. तो मिळेल मंगल कार्यालयवाले, मंडपवाले, आचारी आणि बँडवाले यांनी त्या वर्षी शासनाला दिलेल्या निवेदनांत, जेथे पाहुण्यांची मर्यादा वाढवून द्यावी अशी मागणी आहे आणि तिच्याखाली हंगाम बुडालेल्या माणसांच्या सह्या आहेत.